विजेची गाडी आडवाटेला न्यायची तर: निघण्याआधी मांडायचा हिशेब

कोरड्या नदीपात्रात गाडी घातली तेव्हा पडद्यावर १४२ किलोमीटरची रेंज दिसत होती. मऊ वाळूतून सहा किलोमीटर कापून पलीकडच्या काठाला लागलो, तेव्हा आकडा ११८ वर आला होता. सहा किलोमीटरला चोवीस गेले. गाडीनं कुठेही कुरकुर केली नव्हती, एकदाही चाक रुतलं नव्हतं. तरी काठावर थांबून मी कागद-पेन काढलं, कारण परतीची वाटही त्याच वाळूतून होती.

विजेची गाडी खडकाळ, चिखलाच्या, चढणीच्या वाटेवर चालते का, या प्रश्नाचं उत्तर आता मिळालेलं आहे. नेदरलँड्सचे विबे वाकर २०१६ मध्ये विजेवर चालणारी एक साधी कार घेऊन निघाले आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचले. वाटेत भेटलेल्या लोकांकडून वीज घेत त्यांनी सुमारे ९५,००० किलोमीटर कापले. २०२३ मध्ये क्रिस आणि ज्युली रॅमसी हे जोडपं निसान आरिया घेऊन आर्क्टिकच्या बर्फावरून निघालं आणि डिसेंबरात दक्षिण ध्रुवावर पोहोचलं. गाडीला ३९ इंची टायर लावले होते, बॅटरी आणि मोटर मात्र कारखान्यातून आली तशीच होती. बर्फाळ प्रदेशात त्यांच्या सोबत मदतीचं पथक होतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

तेव्हा गाडी चालेल. पण तुमच्या वाटेवर, तुमच्या सामानासह, परत येण्याइतकी वीज राखून चालेल का, हे प्रत्येक सहलीआधी नव्यानं काढावं लागतं. ते कसं काढायचं, त्यासाठी हा लेख.

पहिली पायरी: सहलीचा आकार बघा

वाटा ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. एकाच मुक्कामावरून रोज निघून संध्याकाळी तिथेच परतायचं, ही पहिली. मुक्कामी रात्रभर वीज मिळत असेल तर विजेच्या गाडीला याहून चांगली सहल नाही. दुसरी, गावागावांतून पुढे सरकणारी, जिथे दर दीडदोनशे किलोमीटरवर कुठेतरी प्लग आहे. इथे वेळ जास्त लागतो, पण जमतं. तिसरी, चार-पाच दिवस वस्तीच नाही अशी. या वाटेवर आज मी विजेची गाडी नेणार नाही आणि तुम्हीही नेऊ नका असंच सांगेन.

कारण साधं आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट (विजेच्या बिलावरचं युनिट, म्हणजे किलोवॉट-तास) ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं हे खरं, तरी वीस लिटरच्या एका कॅनमध्ये जवळपास १८० युनिट पाठीला बांधून नेता येतात. विजेची अशी कॅन अजून मिळत नाही. मोटर हातची वीज फार कमी वाया घालवते, पण वाटेत भर घालण्याची सोय नसेल तर ती काटकसर एका मर्यादेपर्यंतच पुरते.

दुसरी पायरी: आपल्या गाडीची भूक मोजा

कंपनीनं छापलेली रेंज विसरा. तो आकडा सपाट रस्त्याचा, ठरावीक तापमानाचा, रिकाम्या गाडीचा असतो. तुम्हाला हवा आहे किलोमीटरमागे लागणाऱ्या युनिटचा आकडा, आणि तोही सामान भरलेल्या गाडीचा.

सहलीच्या आठवडाभर आधी गाडी पूर्ण भरा: टपावरचं कॅरिअर, तंबू, पाणी, माणसं, सगळं. शक्य असेल तर सहलीला लावणार ते टायरही चढवा. डांबरी रस्त्यावर पन्नास किलोमीटर जाऊन या आणि सरासरी लिहून ठेवा. टपावरचा तंबू आणि जाड नक्षीचे टायर मिळून हमरस्त्यावर खर्च १० ते २० टक्क्यांनी सहज वाढवतात. मग एखाद्या मुरमाच्या रस्त्यावर वीस किलोमीटर चालवा आणि तो आकडाही लिहा. हे दोन आकडे तुमच्या वहीत असले की निम्मं काम झालं.

थंडीचा प्रवास असेल तर थंड सकाळी पुन्हा मोजा. कडाक्याच्या थंडीत एक तृतीयांश रेंज जाणं नवल नाही. बॅटरी गारठलेली असते आणि वर केबिनचा हीटर चालू असतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आडवाटेला वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो, म्हणजे हवेचा विरोध जवळजवळ संपतो. पण हीटर किंवा एसी घड्याळाच्या हिशेबाने वीज खातो. दोन किलोवॉटचा हीटर ताशी ऐंशीच्या वेगात किलोमीटरमागे ०.०२५ युनिट घेतो, तोच ताशी आठच्या वेगात ०.२५ युनिट घेतो. दहापट. खडकातून हळूहळू चढताना सीट गरम करा, अंगात जाकीट घाला आणि केबिनचा हीटर मंद ठेवा.

तिसरी पायरी: वाटेचे तुकडे पाडून बेरीज करा

शेवटच्या भरवशाच्या चार्जरपासून पुन्हा त्याच चार्जरपर्यंतची वाट कागदावर घ्या. पृष्ठभागानुसार तुकडे पाडा. डांबरासाठी मोजलेला आकडा, मुरूम-खडीसाठी मोजलेला आकडा. हवा कमी केलेल्या टायरवर मऊ वाळूला डांबराच्या अडीच-तीन पट धरा. चिकट चिखलालाही तितकंच.

चढ वेगळा मोजा. अडीच टनांची गाडी १,००० मीटर वर न्यायला नुसत्या उंचीसाठी जवळपास ७ युनिट लागतात, मोटरची घट धरली तर आठ. उतरताना त्यातलं निम्म्याहून थोडं अधिक परत मिळतं.

एक उदाहरण करून बघू. बॅटरीतले वापरता येण्याजोगे ७० युनिट आहेत. चार्जरपासून ३० किलोमीटर डांबर, सामानासह किलोमीटरला ०.२३ युनिट: ७. पुढे ४० किलोमीटर मुरूम, ०.३ ने: १२. मग १५ किलोमीटर वाळू, ०.६ ने: ९. वाटेत ८०० मीटरचा चढ: साडेसहा. जाताना एकूण साडेचौतीस. येताना चढाऐवजी उतार, तो साडेतीन परत देईल: साडेचोवीस. दोन रात्रींच्या मुक्कामाला ५. बेरीज ६४.

कागदावर ७० मधून ६४ वजा करून सहा उरतात आणि मोह होतो. तो आवरा. आडवाटेवर चौथा हिस्सा हात न लावता राखून ठेवायचा, हा माझा नियम आहे. वाट वाहून गेलेली निघते, वळसा पडतो, पाऊस येतो, कुणाला तरी ओढून काढावं लागतं. ७० चा चौथा हिस्सा साडेसतरा, म्हणजे खर्चायला साडेबावन्नच. ही सहल बसत नाही. आता वाळूचा पट्टा गाळून मुक्काम अलीकडच्या काठावर हलवला तर जाण्यायेण्याचे १८ वाचतात, बेरीज ४६ वर येते आणि सहल आरामात बसते. सगळी मिळून १४० किलोमीटरची ही सहल आहे, आणि याच गाडीच्या माहितीपत्रकात चारशेचा आकडा असू शकतो.

चौथी पायरी: वीज नेमकी कुठून घेणार

नकाशावर चार्जर दिसतो म्हणून तो चालू असेल असं धरू नका. आडवाटेजवळचा शेवटचा चार्जर एकटाच असेल तर आदल्या दिवशी फोन करून खात्री करा आणि त्याच्या अलीकडचा दुसरा हाताशी ठेवा. अलीकडच्या चार्जरवर भरून निघालात की पुढचा बंद निघाला तरी घाबरायची वेळ येत नाही.

गावातल्या साध्या प्लगचं गणित असं: २३० व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॉट, रात्रीच्या दहा तासांत वीस-बावीस युनिट. १६ अँपिअरवर ३.७ किलोवॉट. तंबूच्या मुक्कामांवर ३२ अँपिअरचा सॉकेट मिळाला तर ७.४ किलोवॉट, तेवढ्या गतीनं तुमच्या गाडीतला चार्जर घेत असेल तर. वेगवेगळ्या सॉकेटचे अडॅप्टर आणि अँपिअर कमी-जास्त करता येणारी चार्जिंग केबल सोबत हवीच.

अनोळखी जागी प्लग लावला की पंधरा-वीस मिनिटांनी जाऊन प्लगला हात लावून बघा. सलग दहा तास पूर्ण भार ही जुन्या वायरिंगची कसोटी असते. एका मुक्कामी मी हात लावला तर प्लगचं प्लास्टिक मऊ पडायला लागलं होतं आणि जळका वास येत होता. १० अँपिअरवरून ६ वर आणलं आणि रात्रभर जेवढी भरली तेवढ्यावर दुसऱ्या दिवशीची वाट छोटी केली. एक्स्टेन्शन वायर लागलीच तर जाड तारेची, आणि गुंडाळी पूर्ण सोडवून. गुंडाळलेली वायर आतून तापते. आणि ज्याची वीज घेतली त्याला युनिट मोजून पैसे द्या, तो नको म्हणाला तरी.

सौर पॅनेलबद्दल फार विचारलं जातं. ४०० वॉटचं घडीचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देतं. मुरमावर त्यात पाच-सहा किलोमीटर होतात. फ्रिज, दिवे, फोन यांसाठी उत्तम, पण गाडी हलवण्यासाठी त्यावर विसंबू नका.

जनरेटर चालतो. छोटा जनरेटर लिटरभर पेट्रोलमध्ये दोन-अडीच युनिट देतो. पण बऱ्याच गाड्या अर्थिंग मिळालं नाही की चार्जिंग नाकारतात आणि छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. जनरेटर नेणार असाल तर जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि घराच्या दारात गाडी चार्ज करून बघा. रानात पहिल्यांदा प्रयोग नको.

पाचवी पायरी: गाडीचं पोट आणि पाय

बॅटरी गाडीच्या पोटाशी, जमिनीला समांतर पसरलेली असते. त्यामुळे गाडी कलंडायला सहज तयार होत नाही, आडव्या उतारावर हे सुख जाणवतं. पण त्याच बॅटरीवर दगड बसतो. तुमच्या गाडीखाली धातूचा संरक्षक पत्रा आहे का, तो कुठून कुठपर्यंत आहे, हे झोपून बघा. नुसतं प्लास्टिकचं आवरण असेल तर खडकांची वाट तुमच्यासाठी नाही, मुरूम आणि मातीपुरतं ठेवा. ग्राउंड क्लिअरन्ससोबत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही पाहा. लांब गाडी उंचवट्यावर मधोमध टेकते, आणि टेकते ती बॅटरीवरच.

वजन हा दुसरा मुद्दा. रिव्हियन आर१टी ही विजेवरची पिकअप तीन टनांच्या वर भरते, विजेवरची हमर चार टनांच्या वर. ओढायचा पट्टा, शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी), जॅक, सगळं या वजनाला साजेसं हवं. विंच (रुतलेली गाडी दोरानं खेचून काढणारं यंत्र) घ्यायची तर तिची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट. विंच १२ व्होल्टच्या बॅटरीतून शेकडो अँपिअर खेचते आणि विजेच्या गाडीतली ही छोटी बॅटरी तेवढ्यासाठी बनलेली नसते, म्हणून विंचला वेगळी बॅटरी लावून घ्या.

बऱ्याच विजेच्या गाड्यांना स्टेपनीच नसते, पंक्चरचा फेस आणि छोटा पंप एवढंच मिळतं. दगडानं टायरची बाजू फाटली तर तो फेस काही करू शकत नाही. पूर्ण मापाची स्टेपनी सोबत न घेता मी आडवाटेला जात नाही. टायरवरचा भारांकही गाडीच्या वजनाशी ताडून घ्या.

आणि हवा. नदीपात्रात माझे चोवीस किलोमीटर का गेले? टायरमध्ये डांबरी रस्त्याची ४२ पीएसआय हवा तशीच होती. परतताना २० वर आणली. तीच सहा किलोमीटर वाळू, यावेळी रेंजमधून तेरा गेले. वाळू लागण्याआधी पाच मिनिटं थांबून हवा कमी करणं हे विजेच्या गाडीत नुसतं रुतू नये म्हणून नसतं, तिथे रेंज वाचते. डांबर लागलं की लगेच पुन्हा भरा. त्यासाठी दमदार पंप हवा.

सहावी पायरी: चालवायचं कसं

पहिल्या वळणावरच या गाड्यांचं मोठेपण कळतं. मोटर शून्य वेगापासून पूर्ण ओढ देते, क्लच नाही, इंजिन बंद पडण्याची भीती नाही. एक चाक घसरलं की दुसऱ्याकडे ओढ वळवणं काही मिलिसेकंदांत होतं. विजेवरच्या मर्सिडीज जी ५८० मध्ये तर चार चाकांना चार मोटरी आणि प्रत्येकीला वेगळा लो गिअर आहे. उंचीवर इंजिनाला दर १,००० मीटरमागे दहाएक टक्के दम कमी पडतो, मोटरला पडत नाही.

पण एक सवय मोडा. खडकाला चाक टेकवून, ब्रेक न लावता, नुसत्या पेडलवर गाडी तोलून धरू नका. मोटर फिरत नसताना प्रवाह तिच्या त्याच त्या तारांमधून वाहत राहतो, तो भाग तापतो आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करते. पडद्यावर कासवाचं चिन्ह आलं तर थांबा, दहा मिनिटं द्या. थांबायचं असेल तेव्हा ब्रेक, निघायचं असेल तेव्हा हळू पण ठाम दाब.

लांब उतारासाठी एक सूचना मनावर घ्या. माथ्यावर बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर रीजन (पेडल सोडल्यावर मोटरनं गाडी रोखणं आणि ती वीज बॅटरीत परत भरणं) चालत नाही, कारण परत येणारी वीज ठेवायला जागा नसते. गारठलेल्या बॅटरीतही हीच गत. सवयीने पेडल सोडलं आणि गाडी रोखलीच गेली नाही, असं उतारावर कळणं फार वाईट. वरच्या मुक्कामी चार्जिंग मिळत असेल तर ८०-८५ टक्क्यांवर थांबवा.

इंजिनाचा आवाज नसल्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येतं. टायरखाली दगड सरकला, पोटाला काही घासलं, लगेच कळतं. खिडकी थोडी उघडी ठेवा. अवघड जागी सोबत्याला उतरवून पुढे उभं करा, त्याचा साधा आवाजही आत पोहोचतो.

पाण्यातून जाताना

कंपनीनं दिलेली खोली हीच मर्यादा. जी ५८० साठी ती ८५० मिलिमीटर आहे, साध्या विजेच्या गाड्यांना खूपच कमी किंवा आकडाच दिलेला नसतो. बॅटरीवरचा आयपी ६७ हा शिक्का स्थिर पाण्यात एक मीटरवर अर्ध्या तासाच्या चाचणीचा असतो. वाहत्या पाण्याचा, दगडांचा, सहा वर्षं जुन्या रबराचा हिशेब त्यात नसतो. हवा आत घेणारं इंजिन नसल्यामुळे पाणी शिरून इंजिन फुटण्याचा धोका इथे नाही, एवढं मात्र निश्चित. पण खालून सपाट आणि बंद असलेली जड गाडीही पाणी चढलं की हलकी होते आणि प्रवाह तिला आडवी ढकलतो. चालत ओलांडता येत नाही ते पाणी गाडीनंही ओलांडू नका.

खारं पाणी पूर्णपणे टाळा. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांनी नंतर पेट घेतला होता.

मुक्कामाला

संध्याकाळी या गाडीचं कौतुक वाटतं. ह्युंदाई आयोनिक ५ सारख्या गाड्या ३.६ किलोवॉटपर्यंत वीज बाहेर देतात. इंडक्शनवर अर्धा तास स्वयंपाक केला तर एक युनिटही लागत नाही, फ्रिज दिवसभरात अर्धा-एक युनिट घेतो. गाडीतच झोपून एसी किंवा हीटर लावला तर रात्रीला चार ते आठ युनिट धरा. हे सगळं तिसऱ्या पायरीतल्या बेरजेत आधीच असलं पाहिजे, आणि गाडीत मर्यादा लावायची सोय असेल तर अमुक टक्क्यांखाली वीज बाहेर जाणार नाही असं लावून ठेवा. पहारा देणारे कॅमेरे रानात बंद करा, तेही रात्रभर वीज पितात.

बिघडलं तर

गाडी अजिबात जागी होत नसेल तर आधी १२ व्होल्टची बॅटरी तपासा. मोठ्या बॅटरीत शेकडो किलोमीटर असले तरी ही छोटी बॅटरी उतरली की मोठीचे स्विचच जोडले जात नाहीत. खिशात मावणारा जंप स्टार्टर सोबत ठेवा, आणि दरवाजे व पुढचं झाकण हातानं कसं उघडायचं ते घरीच शिकून घ्या.

विजेची गाडी चाकांवर लांब ओढत नेऊ नका. चाकांसोबत मोटर फिरते, वीज तयार करते आणि आतले भाग जाळू शकते. रुतलेली गाडी न्यूट्रलमध्ये दोन-चार मीटर खेचून बाहेर काढणं वेगळं, पुढे मात्र ती ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. त्यामुळे तुमच्या वाटेच्या शेवटापर्यंत असा ट्रक येऊ शकतो का, हा प्रश्न निघण्याआधीच विचारा.

पोटाला जोरात दगड बसला तर थांबा. फुसफुस, टकटक आवाज, गोडसर रासायनिक वास, पांढरा धूर, यातलं काहीही जाणवलं तर माणसं बाहेर, सामान राहू दे, वाऱ्याच्या वरच्या बाजूला तीस-चाळीस पावलं दूर. बॅटरीची आग लहान अग्निशामकानं विझत नाही आणि विझल्यासारखी वाटून पुन्हा भडकते. काही जाणवलं नाही तरी त्या रात्री गाडीत झोपू नका, तंबू दूर लावा.

परतल्यावर

गाडी धुताना पोटाखालचा चिखल साध्या दाबाच्या पाण्यानं काढा. जोराचा फवारा बॅटरीच्या सांध्यांवर आणि नारिंगी केबलींच्या जोडांवर मारू नका. चार्जिंगचं तोंड कापडानं पुसून, वाळवून मगच प्लग लावा. संरक्षक पत्र्यावर नवा पोचा दिसला तर फोटो काढून कार्यशाळेत दाखवा. आणि वहीत प्रत्येक तुकड्यासमोर दोन आकडे लिहा: धरलेला आणि लागलेला. माझ्या वहीत वाळूसमोर आधी ‘१.५ पट’ होतं, ते खोडून आता ‘३ पट, २० पीएसआयला’ असं लिहिलं आहे.